आधी निदान, मग पाना

जुनी गाडी रस्त्यात बंद पडली की भोवती जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणतंच, "जुनी आहे, चालायचंच." हे पुस्तक त्या वाक्याविरुद्ध लिहिलं आहे. वय हे बिघाडाचं कारण नसतं. कारण एखादा जळका पॉइंट असतो, गाळाने अर्धा बुजलेला जेट असतो, इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी गंजलेली अर्थची पट्टी असते. वयाबरोबर अशी कारणं वाढतात आणि एकमेकांत गुंततात, हे खरं. पण त्यातलं प्रत्येक कारण वेगळं करता येतं, तपासता येतं, आणि बहुतेक वेळा हे सगळं इंजिन न खोलता होतं. ते कसं करायचं, कोणत्या क्रमाने करायचं आणि कुठे थांबायचं, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे.

इंजिनाबद्दल सर्वसाधारण बोलणं मुद्दाम टाळलं आहे. सर्वसाधारण इंजिन नावाची वस्तू कुठल्याच गॅरेजात येत नाही. समोर एकच गाडी ठेवली आहे: प्रीमियर पद्मिनी, आणि तिच्या आधीची फियाट ११००. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. पुढे मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्यावर गाड्या बनू लागल्या. साठच्या दशकात फियाट ११०० ला लोक 'डिलाइट' म्हणत. १९७४ पासून ती पद्मिनी झाली. नाव बदललं तरी बॉनेटखाली फार काही बदललं नाही. ६८ मिलिमीटरचा बोअर, ७५ मिलिमीटरचा स्ट्रोक, चार सिलिंडर आणि एकूण १,०८९ सीसी ही मापं फियाटच्या १९३७ सालच्या ५०८ सी या मॉडेलपासूनची. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी मांडलेलं एक इंजिन विसावं शतक संपेपर्यंत आपल्या रस्त्यांवर नवं कोरं म्हणून विकलं जात होतं. याला मागासलेपण म्हणणारे आहेत. मला त्यात त्या मूळ आखणीची ताकद दिसते. चांगलं पेट्रोल, वाईट पेट्रोल, भेसळीचं पेट्रोल, गॅस, दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमधली रहदारी आणि दोन-दोन पाळ्यांत टॅक्सी चालवणारे वेगवेगळे हात, हे सगळं या इंजिनाने सोसलं.

मुंबईच्या टॅक्सींना वीस वर्षांची मर्यादा लागू झाली आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटची काळीपिवळी पद्मिनी अधिकृतपणे रस्त्यावरून उतरली. त्याची बातमी सगळ्यांनी वाचली. एक गोष्ट मात्र त्या बातम्यांत फारशी आली नाही. टॅक्सी होत्या तोवर त्यांच्यावर जगणारी गॅरेजं होती, आणि त्या गॅरेजांत नुसत्या आवाजावरून तिसऱ्या सिलिंडरचा प्लग मिसिंग करतोय हे सांगणारे मिस्त्री होते. टॅक्सी गेल्या तशी त्यांची मुलं वातानुकूलित सर्व्हिस सेंटरांत लागली किंवा दुसऱ्याच धंद्यांत गेली. खाजगी मालकांच्या हातात पद्मिनी अजून पुष्कळ आहेत. पंधरा वर्षांनंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करता येतं, आणि पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेल्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून 'विंटेज' अशी वेगळी नोंदणीही आहे. म्हणजे गाड्या राहिल्या, त्यांचे मिस्त्री पांगले. ज्यांनी आजोबांची गाडी पुन्हा चालू करायची ठरवली आहे आणि जवळपास विचारायला कुणी नाही, त्यांना मनात धरून मी लिहिलं आहे.

शिकण्यासाठी याहून चांगलं इंजिन मिळणं अवघड. बॉनेट उघडलं की कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, कॉइल, पेट्रोल पंप, डायनॅमो असं सगळं डोळ्यांना दिसतं आणि हाताला लागतं. कुठे काही बिनसलं तर ते सांगणारा संगणक नाही, पण संगणकाच्या सांगण्यामागे लपलेलंही काही नाही. इथली समज अँबॅसेडरला चालते आणि कार्बोरेटरवाल्या मारुती ८०० लाही चालते. मारुतीचे सिलिंडर तीन, त्यामुळे फायरिंगचा क्रम वेगळा. पद्मिनीत तो १-३-४-२ असा आहे आणि तो पाठच असावा, कारण प्लगच्या दोन वायरी उलटसुलट लागल्या की गाडी स्टार्ट तर होते, पण चालते ती रडतखडत.

आता मुख्य मुद्दा. गाडी बिघडली की पार्ट बदलत जायचं, आज कॉइल, उद्या प्लग, परवा कार्बोरेटरचं किट, ही सवय नव्या गाडीत महाग पडते. जुन्या गाडीत ती घातक आहे. का, ते नीट समजून घ्या. पद्मिनीचं उत्पादन थांबून दोन दशकांहून जास्त काळ लोटला. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत आज जे सुटे भाग मिळतात त्यांत जुन्या साठ्यातला अस्सल माल थोडा आणि नंतर कुठेतरी बनलेला माल जास्त. आपण संशयापोटी जो मूळ कंडेन्सर काढून फेकतो तो अनेकदा नव्या आणलेल्या कंडेन्सरपेक्षा चांगला असतो. म्हणजे चुकीच्या निदानाने नुसते पैसे जात नाहीत, गाडीत एक नवा दोष बसतो, आणि तोही 'हा तर नवाच आहे' म्हणून संशयाच्या बाहेर राहतो. काढलेला कोणताही भाग दोषी ठरेपर्यंत टाकू नका. कापडात गुंडाळा, चिठ्ठी लावा, डिकीत ठेवा.

दुसरी अडचण याहून खोल आहे. नव्या गाडीत बहुधा एका वेळी एकच दोष असतो. जुन्या गाडीत दोषांबरोबर आधीच्या दुरुस्त्याही असतात, आणि त्यांतल्या कित्येक दुरुस्त्या म्हणजे ओल आलेल्या भिंतीला वरून दिलेला रंग. एक साखळी सांगतो, जी मी निरनिराळ्या गाड्यांत पाहिली आहे. डिस्ट्रिब्युटरच्या आतल्या वजनांच्या स्प्रिंगा सैल पडतात, ठिणगी हवी त्यापेक्षा लवकर पडू लागते आणि घाटात इंजिन नॉकिंग करतं. एक मिस्त्री टायमिंग मागे घेतो. नॉकिंग थांबतं, मालक खूश. पण आता सपाट रस्त्यावर ठिणगी उशिरा पडते, पिकअप जातो आणि इंजिन गरम होऊ लागतं. दुसरा मिस्त्री रेडिएटर साफ करतो, फरक पडत नाही, म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकतो. आता सकाळी इंजिन लवकर तापत नाही, चोक बराच वेळ ओढून ठेवावा लागतो, प्लग काळे पडतात, पेट्रोल जास्त जातं. तिसरा मिस्त्री कार्बोरेटर उघडतो. कार्बोरेटरचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता. मूळ दोष दोन छोट्या स्प्रिंगांचा होता आणि तो आता तीन दुरुस्त्यांच्या खाली गाडला गेला.

यात कुणी लबाडी केलेली नाही. प्रत्येकाने समोर दिसलेल्या लक्षणावर उपाय केला. म्हणूनच या पुस्तकाची पहिली दोन प्रकरणं बिघाड शोधण्याबद्दल नाहीतच. गाडीचं प्रत्येक सेटिंग कंपनीच्या पुस्तकातल्या मापावर परत आणायचं, एवढंच त्यांत आहे. वाचकाला हे कंटाळवाणं वाटेल. आपली तक्रार एक आणि हा माणूस टॅपेटची गॅप मोजायला सांगतो, असंही वाटेल. तरीही हे आधी करा. आधीच्या लोकांनी केलेली जुळवाजुळव निघून गेली की खरा दोष आपोआप उघडा पडतो.

हे काम करण्याचा एक क्रम आहे आणि तो हट्टाने पाळायचा आहे: आधी टॅपेट, मग कम्प्रेशन, मग पॉइंट, मग टायमिंग आणि सर्वांत शेवटी कार्बोरेटर. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी आहे. व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर कम्प्रेशनचा आकडा खोटा येतो. कम्प्रेशन नसेल त्या सिलिंडरला कितीही चांगली ठिणगी दिली तरी व्यर्थ. पॉइंटची गॅप बदलली की टायमिंगही सरकतं, म्हणून गॅप आधी आणि टायमिंग नंतर. उलटं केलं तर दोन्ही पुन्हा करावं लागतं. आणि ठिणगी भरवशाची झाल्याशिवाय कार्बोरेटरचा स्क्रू फिरवायचा नाही. कार्बोरेटरच्या नावावर खपणाऱ्या तक्रारींपैकी फार मोठा भाग विजेच्या बाजूचा निघतो. तरी बहुतेकांचा हात आधी त्या स्क्रूकडे जातो, कारण तो समोर असतो आणि फिरवला की आवाज बदलतो.

टॅपेटबद्दल इथेच एक गोष्ट सांगून टाकतो, कारण पुढे ती तांत्रिक तपशिलात हरवेल. टॅपेटचा थोडा टकटक आवाज हा दोष मानून तो बंद होईपर्यंत गॅप कमी करण्याची पद्धत पडली आहे. गाडी गोड वाजू लागते. पण इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह लांबतो. गॅप उरली नसेल तर तो सीटवर पूर्ण टेकत नाही, त्याला आपली उष्णता सीटमार्फत हेडला देता येत नाही, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळते. थोडा आवाज करणारा टॅपेट सुरक्षित असतो, मुका टॅपेट संशयास्पद. एक्झॉस्टची गॅप दर वेळी मोजताना कमी-कमी होत गेलेली दिसली, तर व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये रुतत चालला आहे असं समजा. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोलच मिळू लागलं. हवेसाठी तो निर्णय फार चांगला होता. पण पेट्रोलमधलं शिसं जुन्या इंजिनांत व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यामध्ये एक प्रकारचं संरक्षण देत असे. ते गेल्यापासून ही मोजणी अधिक महत्त्वाची झाली. दर वेळचा आकडा वहीत लिहिलेला नसेल तर ही घसरण कधीच दिसत नाही.

पुस्तकाचा सर्वांत लांब भाग एका तक्रारीवर आहे: गाडी तापली की बंद पडते, अर्धा तास थांबलं की जणू काही झालंच नाही अशी स्टार्ट होते. जुन्या फियाटच्या मालकांपैकी ज्याने हे अनुभवलं नाही असा माणूस विरळा. एप्रिल-मेच्या उन्हात खंडाळ्याचा घाट चढताना बॉनेट उघडून पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवलेल्या गाड्या एका पिढीने पाहिल्या आहेत. त्या फडक्यामागे शास्त्र आहे. हा पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असतो, कॅमशाफ्टच्या जोरावर चालतो आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढणाऱ्या बाजूला दाब कमी, त्यात इंजिनाची उष्णता, त्यामुळे पेट्रोल उकळून नळीत वाफ होते. पंप वाफेवर नुसता हलत राहतो, पेट्रोल वर चढवत नाही. ओल्या फडक्याने पंप गार झाला की वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं.

अडचण अशी की याच लक्षणाची निदान चार कारणं आहेत आणि थंड झाल्यावर ती सगळीच निघून जातात. कॉइलच्या आतली वाइंडिंग तापल्यावर तुटक होते आणि गार झाली की जुळते. कंडेन्सर तापला की गळतो. टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं तर पेट्रोल वापरलं जाईल तशी टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला ओढता येईनासं होतं. थांबलेल्या वेळात हवा कुठूनतरी झिरपते आणि सगळं पूर्ववत. ओलं फडकं ठेवून अर्ध्या तासाने गाडी चालू झाली म्हणजे व्हेपर लॉकच होता, असं म्हणणं म्हणूनच चूक आहे. त्या अर्ध्या तासात कॉइलही गार झाली, कंडेन्सरही गार झाला, टाकीतही हवा शिरली.

पुरावा गाडी बंद पडल्यानंतरच्या पहिल्या तीन-चार मिनिटांतच असतो. म्हणून अशी गाडी घेऊन निघताना प्लगचा पाना, एक जादा प्लग आणि पकडण्यासाठी जाड कोरडं फडकं समोरच्या सीटवर ठेवा. गाडी थांबली की सुरक्षित बाजूला घ्या आणि आधी टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा स्पष्ट आवाज आला तर बहुधा उत्तर मिळालं. नाही आला तर एअर क्लिनर काढून कार्बोरेटरच्या तोंडात पाहत थ्रॉटल हाताने ओढा. अ‍ॅक्सिलरेटर पंपाची पेट्रोलची धार दिसायला हवी. धार दिसली तर कार्बोरेटरच्या भांड्यात पेट्रोल आहे, मग संशय विजेकडे वळवा. धार नसेल तर पेट्रोल पोचतच नाही, मग पंप आणि नळीकडे जा. विजेची परीक्षा अशी: जादा प्लग एका वायरीला लावायचा, त्याचं लोखंडी अंग इंजिनाला घट्ट टेकवायचं, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. निळी-पांढरी, तडतडणारी ठिणगी म्हणजे वीज ठीक. पिवळसर, बारीक, मध्येच चुकणारी ठिणगी दिसली तर कॉइल किंवा कंडेन्सर. कंडेन्सर बदलूनही ठिणगी तशीच राहिली तर कॉइल. हे करताना आसपास पेट्रोल सांडलेलं नाही, कार्बोरेटरची परीक्षा होऊन वाफा निघून गेल्या आहेत आणि एअर क्लिनर परत बसवला आहे, याची खात्री करा. या बाबतीत मी कडक आहे. इंजिनाच्या आगीत गाडी तर जातेच, माणूसही जातो.

एवढ्या तीन परीक्षांना पाच मिनिटं लागतात आणि पेट्रोल की वीज हा प्रश्न सुटतो. या क्षणी केलेली तपासणी नंतर गॅरेजात घालवलेल्या दिवसाहून मोलाची आहे. गाडी टो करून गॅरेजात पोचते तोवर ती गार झालेली असते, चालू होते, आणि मिस्त्री म्हणतो, "काही नाही झालेलं."

या जुन्या तक्रारीला आता एक नवी जोड मिळाली आहे. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं आणि आता ते जवळजवळ सगळीकडे आहे. आपल्याच उसाच्या पट्ट्यातून येणाऱ्या इंधनाबद्दल माझा तात्त्विक विरोध नाही. पण हे इंजिन त्यासाठी बनलेलं नाही आणि मालकाने ते ओळखून राहायला हवं. शुद्ध पेट्रोलला एका भागास जवळपास १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. संगणकाची गाडी हा फरक ओळखून इंधन वाढवते. पद्मिनीचा जेट म्हणजे पितळेतलं एक ठरावीक छिद्र, त्याला काही कळत नाही. म्हणून मिश्रण पातळ होतं, प्लग पांढरट दिसू लागतात, इंजिन जास्त तापतं आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर अडखळतं. शिवाय इथेनॉल जुनं रबर फुगवतं आणि ठिसूळ करतं, यात पंपाचा डायफ्रॅम आणि नळ्या आल्या. ते टाकीत वर्षानुवर्षं बसलेला थर सोडवून फिल्टरकडे पाठवतं आणि हवेतलं पाणी शोषतं. आठवड्यातून एकदा बाहेर पडणाऱ्या गाडीच्या कार्बोरेटरमध्ये पांढरी भुकटी आणि गंज दिसतो तो याच पाण्यामुळे. इंधनाच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालणं, टाकीनंतर चांगला फिल्टर बसवणं आणि गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करणं, हे मी आता पर्याय मानत नाही, आवश्यक मानतो. जेट मोठा करायचा की नाही याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. माझं मत असं की आधी प्लगचा रंग पाहावा, पातळपणा खरोखर दिसला तरच एक आकडा वर जावं, आणि मूळ जेट जपून ठेवावा.

प्लगचा रंग वाचणं हे एकच कौशल्य कुणी शिकलं तरी या पुस्तकाचं चीज झालं असं मला वाटेल. चारही प्लग काढून सिलिंडरच्या क्रमाने वर्तमानपत्रावर मांडायचे. फिकट तपकिरी, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा रंग म्हणजे जळण नीट. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. ओलं, चिकट काळं म्हणजे ऑइल वर चढतंय. पांढरा, फोड आलेला प्लग म्हणजे उष्णता जास्त, मिश्रण पातळ किंवा टायमिंग चुकलेलं. पण एकेका प्लगच्या रंगापेक्षा चौघांमधला फरक जास्त बोलतो. चारही काळे असतील तर दोष सामाईक, म्हणजे कार्बोरेटर, चोक किंवा कॉइल. एकच काळा असेल तर त्या सिलिंडरपुरता विचार करायचा. धुरालाही असाच अर्थ आहे. सकाळी स्टार्ट करताना किंवा उतारावर पाय काढून पुन्हा दाबल्यावर निळा धूर निघाला तर व्हॉल्व्ह गाइड. चढावर जोर लावताना सतत निघाला तर रिंगा. इंजिन तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर आणि रेडिएटरचं कमी होणारं पाणी एकत्र दिसलं तर हेड गॅस्केटकडे पाहा.

कम्प्रेशन गेज विकत घ्या. फार महाग नसतं आणि इंजिन उतरवायचं की नाही या मोठ्या निर्णयाआधी तेच साक्ष देतं. इंजिन गरम हवं, चारही प्लग काढलेले, कॉइलची वीज तोडलेली, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आणि बॅटरी भरलेली. यातलं एकही विसरलं तर आकडे निरुपयोगी. समजा आकडे १२५, १२०, ७०, ७२ असे आले. तिसरा आणि चौथा शेजारी आहेत आणि दोन्ही सारखेच पडले आहेत, म्हणजे दोघांमधली गॅस्केट फुटली असण्याची शक्यता मोठी. एकटा तिसराच पडला असता तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा चांगला वर आला तर रिंगा झिजल्या आहेत, कारण ऑइलने त्यांची फट तात्पुरती भरली. हलला नाही तर व्हॉल्व्ह. ही एक परीक्षा केली तर हेड उतरवून होणाऱ्या कामासाठी अख्खं इंजिन उतरवलं जाणार नाही. 'हाफ इंजिन करावं लागेल' हा निकाल गेज न लावता कुणी दिला, तर नम्रपणे गेज लावायला सांगा.

एक साधन बहुतेकांच्या लक्षातच येत नाही: पीयूसीची चिठ्ठी. या वयाच्या गाडीसाठी स्लो स्पीडवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १,५०० पीपीएम आहे. चिठ्ठीवर या दोन्हींचे आकडे असतात. कार्बन मोनॉक्साइड जास्त म्हणजे मिश्रण जाड. तो कमी आणि हायड्रोकार्बन मात्र खूप जास्त असेल तर पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय, म्हणजे कुठेतरी मिसिंग किंवा गळका व्हॉल्व्ह. यंत्र नीट चालणारं केंद्र शोधा, इंजिन पूर्ण तापवून जा, आणि चिठ्ठ्या फाडू नका. ट्यूनिंगच्या आधीची एक आणि नंतरची एक, अशा दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या की काम झालं की नाही हे वाद न घालता कळतं.

पावसाळ्यातली सकाळ, डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमधली ओल, कॅपच्या आतून गेलेली केसाएवढी काळी रेघ; अर्थची पट्टी तुटल्यामुळे सेल्फ मारताना गरम होणारी चोकची तार; कार्बोरेटरच्या बुडाशी हवा ओढली जाऊन स्लो स्पीड वरखाली होणं: या तक्रारींना प्रत्येकी एक छोटं प्रकरण आहे. ती कशाही क्रमाने वाचली तरी चालतील.

काही कामं या पुस्तकात नाहीत आणि ती घरी करू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. सिलिंडरचं बोअरिंग, क्रँकचं ग्राइंडिंग, तापून वाकलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या हेडचं सरफेसिंग ही मशीन शॉपची कामं आहेत. तिथे जाताना मात्र आपण काय मोजलं ते लिहून न्यावं. ऑइलचा दिवा चालत्या गाडीत लागला किंवा खालून जड, खोल ठोका ऐकू आला तर इंजिन त्याच जागी बंद करायचं, "घरापर्यंत जाऊ" म्हणायचं नाही. बेअरिंग गेलं असेल तर ते घरापर्यंतचं अंतरच क्रँक खातं.

मिस्त्रींबद्दल दोन शब्द. वर मी चुकलेल्या दुरुस्त्यांची साखळी सांगितली, म्हणून त्यांच्याविषयी अनादर आहे असं कुणी समजू नये. या पुस्तकातलं बरंचसं ज्ञान कुठल्याही छापील पानावर नव्हतं, ते त्यांच्या हातांत होतं. लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक ब्लॉकला लावून आवाज नेमका कुठून येतो ते शोधणं, ऑइलच्या काडीवरचा थेंब बोटांत चोळून त्यात पेट्रोल मिसळलंय का हे वासाने ओळखणं, एकेका प्लगची वायर काढून इंजिनाचा आवाज किती पडतो यावरून आळशी सिलिंडर पकडणं, हे सगळं मी त्यांच्याकडून शिकलो. त्यांना वेळ मिळाला तर ते नेहमीच योग्य निदान करत. वेळ मात्र गिऱ्हाईक देत नव्हतं, कारण टॅक्सी उभी राहिली की त्या दिवसाची कमाई गेली. आपल्या गाडीवर आज तसा भार नाही. एक रविवार निदानासाठी आणि पुढचा रविवार दुरुस्तीसाठी ठेवता येतो, आणि हा फरक वापरला पाहिजे.

काम सुरू करण्याआधी एवढं जमवा: फिलर गेज, प्लगचा पाना, लहान-मोठे स्क्रू ड्रायव्हर, १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, कम्प्रेशन गेज, गाडी उचलल्यावर खाली लावायचे भक्कम स्टँड, आग विझवायचं छोटं सिलिंडर आणि एक शंभरपानी वही. वहीच्या पहिल्या पानावर आज किलोमीटरचा आकडा लिहा. मग रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी स्टार्ट करा आणि काहीही न बदलता फक्त पाहा: चोक किती ओढावा लागला, सेल्फ किती वेळ फिरला, पहिल्या मिनिटात धुराचा रंग काय होता, तापमानाचा काटा मधोमध यायला किती मिनिटं लागली, स्लो स्पीड स्थिर आहे की वरखाली होतो. हे जसं दिसलं तसं लिहा, कारण लगेच शोधू नका. त्यानंतर इंजिन पूर्ण गार होऊ द्या आणि पहिलं प्रकरण उघडा. टॅपेटची मापं थंड इंजिनावरची आहेत.